अमानोहाशिदाते: डोंगरावरून फोटो काढून परत फिरू नका, खाली उतरून चाला

जपानचा प्लॅन करताय आणि क्योतोत तीन-चार रात्री धरल्या असतील तर त्यातली एक काढा आणि तिथून वर समुद्रकाठी असलेल्या अमानोहाशिदातेला द्या, हे आधीच सांगून टाकतो. बाकी सविस्तर खाली लिहिलंय. आणि रात्र द्या म्हणतोय ते मुद्दाम. सकाळी जाऊन संध्याकाळी परत हा प्रकार मी कुणालाच सुचवणार नाही, का ते पुढे येईलच.

आपल्या नाशिकमधून जपानला जाणारे हल्ली बरेच दिसतात, पण ज्याला विचारावं त्याचा रूट तोच, टोकियो, फुजी, क्योतो, नारा, ओसाका, फार तर हिरोशिमा. आम्हीही आधी एका टूरवाल्याकडे गेलो होतो, त्याला म्हटलं समुद्राकाठचं काहीतरी शांत दाखवा, आईबाबा सोबत आहेत, तर तो म्हणाला, "सर, तिकडे आपलं कोणी जात नाही, जेवणाचे वांधे होतात." जेवणाचं तो अगदीच खोटं बोलला नाही, पण कोणी जात नाही हे काही न जायचं कारण होत नाही ना. मग बायकोने सगळं स्वतः बसून ठरवलं, तिकिटं, रूम, पास, सगळंच, आणि दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो, मी, बायको, सातवीतली लेक आणि आईबाबा.

तर हे ठिकाण म्हणजे नक्की काय. क्योतो म्हटलं की आपल्याला शहरच आठवतं पण क्योतो प्रीफेक्चर, म्हणजे तो अख्खा प्रांत, पार वर जपान समुद्रापर्यंत गेलेलं आहे, त्या टोकाला मियाझू गाव आहे आणि तिथल्या खाडीत वाळूची एक पट्टी आडवी पडलीय. लांबी सुमारे 3.6 किलोमीटर, रुंदी कुठे फक्त 20 मीटर तर कुठे 170, आणि अख्ख्या पट्टीवर काळ्या पाइनची हजारो झाडं. एका अंगाला मियाझूची खाडी, दुसऱ्या अंगाला आसो नावाचं आत अडकलेलं शांत पाणी. तांगो द्वीपकल्पाच्या नद्यांनी आणलेली वाळू समुद्राचा प्रवाह ढकलत आणतो, आतून येणारं नदीचं पाणी तिला अडवतं, आणि असं हजारो वर्षं चालत राहिल्यावर ही पट्टी तयार झाली. तिकडची गोष्ट वेगळी आहे, इझानागी देवाने स्वर्गात ये-जा करायला शिडी लावली होती, तो झोपला आणि शिडी आडवी झाली, तीच ही. 1643 मध्ये हायाशी गाहो नावाच्या विद्वानाने देशातली तीन देखणी ठिकाणं म्हणून मात्सुशिमा, मियाजिमा आणि हे अशी नावं लिहून ठेवली आणि तेव्हापासून जपानी माणूस या तिघांना मानतो. मियाजिमाला पाण्यातल्या लाल तोरीमुळे, म्हणजे देवस्थानाच्या कमानीमुळे, आपले लोक जातात. इथे आम्हाला आमच्याशिवाय एकही भारतीय कुटुंब दिसलं नाही.

जायचं कसं, तर क्योतो स्टेशनवरून 'हाशिदाते' नावाची एक्स्प्रेस थेट जाते, दोन तासांच्या जरा वर लागतात. थेट गाड्या दिवसातून मोजक्याच, नाहीतर फुकुचियामाला उतरून बदलायची. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, फुकुचियामाच्या पुढची लाइन जेआरची, म्हणजे जपान रेल्वेजची नाही, क्योतो तांगो रेल्वेची आहे, त्यामुळे अख्ख्या देशाचा जो जेआर पास आपण घेतो तो तिथून पुढे चालत नाही, वेगळे पैसे भरावे लागतात. जेआर वेस्टचा कान्साई वाइड पास मात्र या लाइनवरही चालतो आणि त्याच पासात हिमेजीही होतं, म्हणून आम्ही तोच घेतला. फुकुचियामानंतर गाडी डोंगरातून हळूहळू जाते, भातखाचरं, पर्सिमनने लगडलेली झाडं, मध्येच एखादं स्टेशन ज्यावर एकही माणूस नाही. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत, आयुष्यभर मशिनच्या आवाजात काम केलं, ते खिडकीला नाक लावून बसले होते आणि पूर्ण रस्ता एक शब्द बोलले नाहीत, म्हणजे खूष होते.

छत्री घ्या. हवामान अ‍ॅपवर सूर्य दिसत असला तरी घ्या. तांगोमध्ये म्हणच आहे की डबा विसरलात तरी चालेल पण छत्री विसरू नका, शरद ऋतूपासून पुढे तिथे ऊन, पाऊस, वारा असं एकाच दिवसात सगळं आलटून पालटून येतं. आम्हाला दुपारी ऊन, चारला सडा आणि साडेचारला परत ऊन असं मिळालं, आणि खरं सांगू, त्या पावसानंतरचा उजेड आख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात सुंदर उजेड होता.

आता मुख्य प्रकार, वरून बघणं. पट्टीच्या दोन्ही टोकांना डोंगर आहेत. दक्षिणेचा स्टेशनच्या मागेच, त्यावर व्ह्यूलँड नावाचं छोटं पार्क, पाळणे, गाड्या वगैरे, मोनोरेल किंवा चेअरलिफ्टने वर जायचं. तिथून पट्टी आकाशात झेपावणाऱ्या ड्रॅगनसारखी दिसते असं म्हणतात, लहान मुलं असतील तर हे बरं, बाकी मला पाळण्यांची गाणी आणि गर्दी नको वाटली. उत्तरेचा कासामात्सु पार्क मात्र चुकवू नका. स्टेशनकडच्या टोकाला चिओनजी देऊळ आहे, त्याच्याजवळच्या धक्क्यावरून बोटीने बारा मिनिटांत पलीकडे जाता येतं, तिथून मोतोइसे कोनो हे जुनं देवस्थान ओलांडून केबल कारचं स्टेशन लागतं. आपल्याकडे वणीला सप्तशृंगीवर जी ट्रॉली आहे तसाच हा प्रकार, रुळावरून चढणारी, आईला त्यामुळे अजिबात भीती वाटली नाही. तिकीट एकच, केबल कार घ्या किंवा एका माणसाची उघडी खुर्ची घ्या. माझा सल्ला असा की जाताना केबल कार आणि येताना खुर्ची, कारण जाताना खुर्चीत तोंड डोंगराकडे असतं आणि येताना पायाखाली सगळी खाडी पसरलेली असते, सहा मिनिटं नुसतं ते बघत खाली यायचं.

वर काय करतात तर ओणवं व्हायचं आणि स्वतःच्या दोन पायांमधून मागे बघायचं. मातानोझोकी म्हणतात याला. त्यासाठी दगडी चौथरे केलेत, लोक रांगेत उभे राहून आपली पाळी आली की वाकतात, साठीतल्या बायका, ऑफिसच्या कपड्यातली माणसं, कॉलेजची पोरं, कुणाला काही वाटत नाही. असं बघितलं की समुद्र वर जातो, आकाश खाली येतं आणि पट्टी त्यात तरंगणाऱ्या पुलासारखी दिसते. मी आधी म्हटलं हे टुरिस्टांसाठी असेल, पण केलं आणि खरंच काहीतरी होतं. नुसतं उलटं दिसत नाही, सगळं सपाट दिसतं, लांबचं जवळ आल्यासारखं, जणू कुणी कागदावर काढलंय. नंतर हॉटेलवर वाचलं तर यावर चक्क संशोधन झालेलं आहे, क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठातले आत्सुकी हिगाशियामा आणि त्यांचे सहकारी कोहेई आदाची यांनी पायांमधून बघताना अंतर आणि आकार कसे वेगळे भासतात ते मोजलं आणि त्याबद्दल 2016 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, त्यांना मिळालं. त्यांनी लोकांना चित्र उलटं दाखवणारे चष्मेही घालून बघितले, आणि निघालं असं की फरक चित्र उलटं झाल्यामुळे कमी आणि शरीर वाकल्यामुळे जास्त पडतो. म्हणजे फोटो काढून मोबाइल उलटा धरला तर ती गंमत येणार नाही, वाकावंच लागेल. लेकीने हे ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी परत वर जायचा हट्ट धरला. बाबांनी कंबरेमुळे वाकायचं टाळलं, आईने मात्र पदर खोचला आणि वाकली, आणि बराच वेळ उठलीच नाही. मी म्हटलं, "आई, चक्कर येईल, ऊठ." तर खालूनच म्हणाली, "थांब रे, आत्ता कुठे दिसायला लागलंय."

वर गेल्यावर तिथून बसने नारिआइजी नावाच्या देवळातही जाता येतं, कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या 33 देवळांची जी मोठी यात्रा आहे त्यातलं ते 28 वं. वेळ असेल तर जा, झाडीतलं शांत देऊळ आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. ओसाका-क्योतोहून ज्या दिवसभराच्या बस येतात त्या लोकांना थेट डोंगराच्या पायथ्याशी सोडतात, वर चढवतात, फोटो होतात, मग इने नावाच्या पाण्याकाठच्या गावाला नेतात आणि संध्याकाळी परत. त्या बसमधल्या बऱ्याच जणांचे पाय वाळूला लागत नाहीत. मला हे फार खटकलं. देशातल्या तीन देखण्या ठिकाणांपैकी एक म्हणून ज्याचं नाव झालं ते वरून एक चित्र आहे हे खरंच, पण खाली ते जिवंत जंगल आहे, लोक रोज त्यातून शाळेत-कामावर जातात. गाड्यांना बंदी, फक्त चालणारे, सायकलवाले आणि 125 सीसीच्या आतल्या मोपेड. पाचनंतर दुकानं बंद होतात, बस निघून जातात आणि सगळं गाव तुमचं होतं. रात्र राहायची ती यासाठी.

आम्ही सकाळी उजाडायच्या आधी निघालो. पायवाट मधोमध जाते, कच्ची, पांढरट, पाइनच्या सुयांनी मऊ झालेली, आणि चालताना पावलांचा आवाज जवळजवळ येतच नाही. उजव्या हाताला झाडांमधून खाडी दिसते आणि तिच्यावर लाटांचा बारीक आवाज, डाव्या हाताला आसोचं पाणी आणि तिकडे काहीच आवाज नाही. एकाच वाटेवर उजव्या कानाला समुद्र आणि डाव्या कानाला तळं, हे मी आधी कुठेच अनुभवलं नव्हतं. काही झाडं पार वाकून पाण्याकडे गेलेली, त्यांच्या खोडाची साल हाताएवढ्या जाड फरशांची, त्यात बोट घातलं तर पेराएवढं आत जातं. काही झाडांना नावं दिलीत, पाट्या आहेत, नवरा-बायको पाइन म्हणून एक जोडी आहे, तीन खोडांचा शहाणपणाचा पाइन आहे. सूर्य खाडीच्या बाजूने वर आला आणि खोडं एका अंगाने तांबूस झाली. एक आजोबा कुत्र्याला घेऊन समोरून आले, त्यांनी मान लववली, बाबांनी हात जोडले, दोघंही आपापल्या भाषेत काहीतरी बोलले आणि पुढे गेले. चालायला पूर्ण पट्टीला पाऊण ते एक तास धरा, सायकल घेतली तर वीसेक मिनिटं, दोन्ही टोकांना सायकली भाड्याने मिळतात आणि एका टोकाला घेऊन दुसऱ्या टोकाला परत करायची सोयही काही ठिकाणी आहे, विचारून घ्या. आईबाबांसाठी आम्ही जाताना चालत आणि येताना बोट असं केलं, ते बरोबर जमलं.

दक्षिणेच्या टोकाजवळ झाडीत एक छोटं देवस्थान आहे आणि त्याच्या शेजारी इसोशिमिझु नावाची विहीर. दोन्हीकडे खारं पाणी, मध्ये ही एवढीशी वाळू, आणि विहिरीचं पाणी मात्र गोडं. 1985 मध्ये जपान सरकारने देशातली शंभर नावाजलेली पाणी निवडली त्यात हे आहे. आता पिऊ देत नाहीत, हात धुवायला वापरतात. आई तिथे बराच वेळ बसली, बाबा म्हणाले, "आपल्याकडे रामकुंडाच्या आसपास असेच जिवंत झरे होते, सगळे काँक्रीटखाली घातले आपण." नाशकात या काँक्रीटवरून किती वर्षं भांडण चाललंय हे वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तिथे त्या विहिरीवर एक लाकडी छप्पर, एक पळी, आणि स्वच्छता, बस, याच्याहून जास्त काही केलेलं नाही आणि तेच मला आवडलं.

असं समजू नका की तिकडे सगळं आपोआप टिकलंय. महायुद्धानंतर नद्यांवर बांध झाले, बंदरं झाली, वाळू येणं कमी झालं आणि पट्टी झिजायला लागली. मग किनाऱ्यावर ओळीने छोटे बांध घातले, त्यामुळे वरून बघितलं तर खाडीकडची कड करवतीच्या दात्यांसारखी दिसते, नीट बघा, फोटोतही कळतं. आणि 1980 च्या दशकापासून जिथे वाळू साचते तिथून उचलून वरच्या टोकाला नेऊन टाकतात, मग समुद्रच ती पुढे वाहत नेतो. नदीतून वाळू काढून ट्रक भरणं आपण रोज बघतो, इथे उलटं, वाळू परत नेऊन ठेवतात, वर्षानुवर्षं. झाडांचंही तेच. पाइनला निकस वाळूच मानवते. पूर्वी गावातले लोक सुया, काटक्या सरपणासाठी गोळा करून न्यायचे, त्यामुळे जमीन निकस राहायची. गॅस आला, सुया पडून कुजायला लागल्या, माती कसदार झाली, इतर झाडं वाढली, आणि पाइन उंच वाढले पण मुळं वरवरची राहिली. 2004 च्या वादळात दोनशेहून जास्त झाडं एका फटक्यात आडवी झाली. त्यानंतर आता मुद्दाम सुया काढतात, माजलेला झाडोरा तोडतात. हे कळल्यावर त्या झाडांकडे बघायची नजरच बदलते, म्हणून जायच्या आधी एवढं माहीत करून जा.

पट्टी आणि गाव यांच्या मध्ये एक फिरता पूल आहे, काइसेनक्यो. बोट आली की घंटा वाजते, माणसं थांबवतात आणि 36 मीटरचा पूल मधल्या खांबावर सावकाश फिरून पाण्याला समांतर उभा राहतो. 1923 मध्ये बांधला तेव्हा हाताने फिरवायचे, 1960 पासून विजेवर. बाबांना इथून हलवणं मुश्कील झालं. पूल फिरताना ते कठड्याला धरून खालचं दातेरी चक्र बघत होते, आणि बोट गेल्यावर पूल परत जागेवर येऊन दोन्ही कडा अगदी एका रेषेत बसल्या तेव्हा म्हणाले, "बघ, एक सूतही फरक नाही." त्यांच्याकडून याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

पुलाच्या अलीकडेच चिओनजी देऊळ, मोंजूचं, म्हणजे आपला मंजुश्री बोधिसत्त्व, बुद्धीची देवता. तिघं एकत्र बसले तर मोंजूइतकं शहाणपण येतं अशी जपानीत म्हण आहे. परीक्षेच्या सीझनला इथे विद्यार्थी येतात. भविष्याच्या चिठ्ठ्या छोट्या लाकडी पंख्यांच्या आकाराच्या असतात आणि लोक त्या अंगणातल्या पाइनवर टांगतात, अख्खं झाड पंख्यांनी भरलेलं. जवळच पाण्याकाठी दगडी कडं आहे, त्यातून तीनदा डोकं घातलं की बुद्धी येते म्हणे, आईने नातीला तीनच्या ऐवजी पाच वेळा घालायला लावलं.

आता जेवण. मी आणि बायको मासे खातो, आम्हाला काही अडचण नव्हती, तिथल्या शिंपल्यांचा भात, आसारीदोन, एकदम साधा आणि चवीला जबरदस्त, जरूर खा. नोव्हेंबरपासून खेकड्याचा सीझन सुरू होतो, तो मात्र महाग आहे, बघून ठरवा. आईबाबा शुद्ध शाकाहारी आणि त्यांच्यासाठी गाव अवघड आहे हे स्पष्टच सांगतो. मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी नसतो, मिसो सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात माशाचा रस असतो. आम्ही जिथे राहिलो तिथे बुकिंग करताना दोनदा लिहून कळवलं होतं तरी रात्री तेच सूप समोर आलं, सांगितल्यावर त्यांनी फार अदबीने उचललं, पण मग ताटात भात, लोणचं आणि थोडे टोफू एवढंच उरलं. त्यामुळे घरून दशम्या, मेतकूट, चिवडा, शेंगदाण्याची चटणी न्याच, आणि कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये उमेबोशीचे, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचे, भाताचे गोळे मिळतात ते घेऊन ठेवा. गोड मात्र बिनधास्त. देवळासमोर चार जुनी चहाची दुकानं आहेत, तिथे चिए नो मोची मिळते, तांदळाची मऊ मोची आणि वर लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण. आईला इतकी आवडली की चार दुकानांतली वेगवेगळी खाऊन बघायची म्हणाली, आणि तिचं मत असं की पुरण सगळ्यांचं सारखंच चांगलं, पण एका ठिकाणी मोची जास्त ताजी होती.

कापडाबद्दल लिहिलं नाही तर आई रागावेल. तिचं माहेर येवल्याचं, मागाचा खटका ऐकत वाढलेली. तांगो हा चिरिमेनचा, म्हणजे बारीक सुरकुत्यांच्या रेशमी कापडाचा मुलूख, 1720 पासून, आणि किमोनोच्या पांढऱ्या रेशमी कापडाचा मोठा भाग आजही इथेच विणला जातो. बाण्याच्या धाग्याला मीटरला 3,000 च्या आसपास पीळ देतात, विणून झालं की उकळून त्यातला चिकटपणा काढतात, मग पीळ सैल व्हायला बघतो आणि कापडावर बारीक बारीक सुरकुत्या उठतात. ती दमट हवा, ज्याच्यामुळे आपण छत्री घेऊन फिरतो, तीच या धाग्याला तुटू देत नाही. दुकानात आईने एक तुकडा अंगठा आणि बोटात धरून चोळला, उलटा केला, उजेडाकडे धरला, मागची बाजू बघितली. दुकानातल्या बाई बघत होत्या. मग आईने अंगावरच्या पैठणीचा काठ उलटा करून दाखवला, दोन्हीकडून सारखा, आणि त्या बाई काउंटरच्या बाहेर येऊन गुडघ्यावर बसल्या आणि मोर बघायला लागल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, लेक मोबाइलवर भाषांतर करायला गेली तर दोघींनीही तिला गप्प केलं. आईने दोन रुमाल आणि एक बटवा घेतला. रुमालाच्या सुरकुत्या घरी धुतल्यावरही तशाच आहेत, फक्त थंड पाण्यात आणि हलक्या हाताने धुवा.

नाशिकच्या माणसासाठी अजून एक, आसोच्या काठावर अमानोहाशिदाते वायनरी आहे, द्राक्षबागेतून थेट पट्टी दिसते. मी गंगापूर रोडच्या वायनऱ्यांची सवय असलेला माणूस, तिथली व्हाइट हलकी आणि जरा आंबटसर वाटली, शिंपल्यांबरोबर छान लागली. वेगळी वाट करून जायची गरज नाही, पण सायकलवर त्या बाजूला असाल तर थांबा.

इने गावाला अमानोहाशिदातेहून बसने तासभर लागतो. खाडीच्या काठाने 230 च्या आसपास लाकडी घरं, खाली होडी आणि वर माणसं, पाण्याला अगदी चिकटून, कारण तिथे भरती-ओहोटीचा फरक फार थोडा. सुंदर आहे, पण ती लोकांची राहती घरं आहेत, दारात जाऊन फोटो काढणारे बरेच दिसले आणि ते बघून वाईट वाटलं. बोटीतून बघा, पाण्यावरूनच ते गाव नीट दिसतं.

कुणी जाऊ नये असं विचाराल तर ज्यांना शॉपिंग, रात्रीची रोषणाई, इंडियन रेस्टॉरंट हवंय त्यांनी नाही. गुडघे दुखणाऱ्यांना जमेल, कारण वर जायला केबल कार आणि पट्टी पूर्ण सपाट, बसायला बाकं आहेत. उन्हाळ्यात पोहायला लोक येतात म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते, आम्हाला नोव्हेंबर बरोबर वाटला. कचराकुंड्या मिळणार नाहीत, पिशवी सोबत ठेवा. मोठ्या बॅगा क्योतोच्या हॉटेलवर ठेवून एका सॅकवर जा, आणि परतीच्या थेट गाडीचं रिझर्व्हेशन क्योतोलाच करून घ्या, आम्ही दुपारची सोडून संध्याकाळची शेवटची थेट गाडी घेतली होती, त्यामुळे लेकीला परत एकदा वर जाऊन वाकून बघता आलं.